मागे घेतलेली लस

रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या जुलाबांवरची पहिली परवानाप्राप्त लस, ‘रोटाशील्ड’, अमेरिकेत ऑगस्ट १९९८मध्ये आली आणि वर्षभरातच गेली. जुलै १९९९पर्यंत पंधरा बाळांच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकल्याच्या नोंदी झाल्या होत्या. लसीकरण थांबलं, ऑक्टोबरात कंपनीने लस मागे घेतली. परवान्याआधीच्या चाचण्यांत लस घेतलेल्या सुमारे दहा हजार बाळांपैकी पाच जणांना हाच त्रास झाला होता, पण एवढ्या संख्येत तो योगायोगही असू शकत होता. पुढे हा धोका ढोबळमानाने दहा हजारांत एक ठरला. अमेरिकेत या विषाणूने वर्षाकाठी जेमतेम काही डझन मुलं दगावत. तेव्हा तिथला निर्णय योग्यच होता.

चूक झाली ती हा निर्णय जगाने जसाच्या तसा उचलला तेव्हा. त्या सुमारास जगभर वर्षाला पाच लाखांच्या आसपास मुलं या जुलाबांनी मरत होती, बहुतेक आशिया-आफ्रिकेतली. पण अमेरिकेने टाकलेली लस आपल्या मुलांना द्यायची, हे कोणत्या देशाचा आरोग्यमंत्री जाहीरपणे म्हणणार? श्रीमंतांच्या मुलांना नको ते गरिबांच्या मुलांना का, हा प्रश्न रास्तच आहे. शिवाय आतडं अडकल्यावर चोवीस तासांत शस्त्रक्रिया करणारं रुग्णालय खेड्यात कुठलं? म्हणजे तिथे हा धोका अधिक जीवघेणा. तरीही हिशेब करून पाहावा. अडकलेलं प्रत्येक बाळ दगावलं असं धरलं, तरी दहा हजारांत एक. गरीब देशांत रोटाव्हायरसने मरणारी मुलं मात्र अडीचशेंत एकाच्या आसपास. लस निम्मीच उपयोगी पडली असं मानलं, तरी पारडं कुठे झुकतं हे उघड आहे.

पुढच्या दोन लसींच्या चाचण्या प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बाळांवर झाल्या. आतडं अडकण्याच्या भीतीपोटी वयाची अटही आली: पहिला डोस पंधरा आठवड्यांच्या आत. दवाखान्यात उशिरा पोचणारी, म्हणजे नेमकी गरिबांची मुलं त्यामुळे वगळली जात; जागतिक आरोग्य संघटनेने ही अट २०१३मध्ये सैल केली.

भारतात दिल्लीच्या एका नवजात बाळात सापडलेल्या विषाणूपासून ‘रोटावॅक’ तयार झाली. दिल्ली, पुणे आणि वेल्लोर इथल्या ६,७९९ बाळांवर तिची चाचणी झाली. २०१६पासून ती सरकारी लसीकरणात आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘रोटासिल’ही आली. ‘रोटावॅक’च्या चाचणीत आतडं अडकल्याचे केंद्रनिहाय आकडे उघड करा, ही मागणी न्यायालयापर्यंत गेली. ती लसविरोधी म्हणून झटकणं मला पटत नाही. आकडे दडवले की अफवांना बळच मिळतं. उत्तर आलं ते लस दिल्यानंतरच्या नोंदींतून: २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत ‘रोटावॅक’च्या डोसानंतरच्या २१ दिवसांत आतडं अडकण्याचा धोका वाढल्याचं आढळलं नाही.

लस पाजणाऱ्या परिचारिकेने एवढं मात्र सांगितलंच पाहिजे: बाळ थांबून थांबून कळवळून रडू लागलं, सारखं ओकू लागलं किंवा शीतून रक्त पडलं, तर थेट मोठ्या रुग्णालयात न्या.