शिडी, श्रेढी आणि पाच-दहा

घोडेगावात शिडी लागते ती माळवदावर चढायला. जनावरांच्या बाजाराचं हे गाव सपाटीवरचं. कडे आहेत ते याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात. तिथे कळसूबाई (1646 मीटर) चढताना लोखंडी शिडीला हात घातला आणि एकदम ‘लीलावती’ आठवली.

भास्कराचार्यांच्या त्या बाराव्या शतकातल्या ग्रंथात ‘श्रेढीव्यवहार’ आहे, म्हणजे ठरावीक चढाने वाढत जाणाऱ्या संख्यांचं गणित. ही श्रेढी आणि आपली शिडी सख्ख्या बहिणी. दोघींच्या मुळाशी ‘श्रि’, टेकणे, हा धातू. भिंतीला टेकवतात ती शिडी. ‘श्रेणी’सुद्धा व्याकरणकार त्याच धातूवरून साधतात. ‘निःश्रेणी’ म्हणजे तर शिडीच; तिची झाली निसणी. सह्याद्रीत ‘निसणीची वाट’ ठिकठिकाणी भेटते.

कुणी म्हणेल, श्रेणी म्हणजे मुळात रांग, पायऱ्यांची रांग म्हणून शिडी. मला हे पटत नाही. रांग आडवीही असते. तिच्यात चढ कुठून आला? श्रेढीत मात्र पुढचं पद मागच्या पदावर पाय देऊन उभं राहतं. माझ्या मते लोकांच्या तोंडची शिडी आधीची, गणित्यांनी तिला संस्कृत वस्त्रं नेसवली.

प्रस्तरारोहणात वाटेचा कठीणपणा मोजतात तीही श्रेणीच. तिची गोष्ट थोडक्यात: 1920च्या दशकात जर्मन गिर्यारोहक वेल्झेनबाखने कठीणपणाचे सहा टप्पे मांडले, 1950च्या दशकात कॅलिफोर्नियात 5.0 ते 5.9 असे दर्जे आले. 5.9हून अवघड चढाई निघाली तेव्हा पुढे लिहिलं 5.10. दशांश म्हणून वाचाल तर हा आकडा मागे जातो. पण तो दशांश नाहीच, शिडीला वर जोडलेली पायरी आहे! लॅटिनमध्येही ‘ग्रादुस’ म्हणजे पाऊल, ‘स्काला’ म्हणजे शिडी.

आपल्या चढाईच्या नोंदींत मात्र वाटेचा इतिहास पहिल्या दोरापासून सुरू होतो. त्याआधी महादेव कोळी आणि ठाकर सह्याद्रीच्या कड्यांतून ये-जा करत होते, नाळेला, घळीला, सुळक्याला नावं देत होते. 2006च्या वनहक्क कायद्यात कसलेल्या जमिनीबरोबर सांस्कृतिक विविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्कही आहे. निसणीची वाट हे नाव मी त्याच ज्ञानात धरतो, आणि नोंदवहीत 5.10च्या आधी लिहितो.