साडेपाच तासांचे देशांतर

परदेशी राहणाऱ्या मुलाशी किंवा भावाशी दूरध्वनीवर बोलावयाचे म्हटले म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांना प्रथम बोटांवर हिशेब करावा लागतो. आपल्याकडे सकाळचे साडेअकरा झाले, म्हणजे हिवाळ्यात लंडनला सहा. तेव्हा अद्याप तो उठला नसेल, थोडे थांबावे. या हिशेबात तासांची वजाबाकी कोणासही जड जात नाही. गोंधळ होतो तो त्या वरच्या अर्ध्या तासाने. जगातील बहुतेक राष्ट्रांनी ग्रीनिचपासूनचे आपले अंतर पूर्ण तासांनी मोजले असता, आपल्याच वाट्याला हा अर्धा तास कोठून आला? कोणा अधिकाऱ्याची ती लहर होती, की त्यामागे काही विचार होता? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास आपणांस उज्जयिनीपासून खडकीपर्यंत आणि देवळातील घटिकापात्रापासून समुद्रापारच्या संभाषणापर्यंत बराच प्रवास करावा लागतो.

जुने देशांतर

गावोगावची वेळ वेगळी असते, ही गोष्ट आपल्या ज्योतिषांना कोणी नव्याने शिकविली नाही. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी साठ घटिकांत पुरी करते. म्हणजे एका अंशास दहा पळे, आपल्या आजच्या मापाने चार मिनिटे. पूर्वेच्या गावी सूर्य आधी उगवतो, पश्चिमेच्या गावी मागाहून. हे अंतर मोजण्यासाठी सूर्यसिद्धान्तादी ग्रंथांनी लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणारी मध्यरेषा धरली, आणि त्या रेषेपासून आपले गाव जितके पूर्वेस किंवा पश्चिमेस, तितका संस्कार गणितास द्यावयाचा असा नियम केला. त्या संस्काराचेच नाव देशांतर. ज्या उज्जयिनीत जयसिंहाने अठराव्या शतकात वेधशाळा बांधली आणि जिचा जीर्णोद्धार ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारने 1923 साली केला, ती उज्जयिनी आपल्या परंपरेचे ग्रीनिचच होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु या देशांतराचा उपयोग पंचांगकर्त्यापुरता होता. सामान्य मनुष्यास आपल्या गावचा सूर्य पुरेसा होता. लग्नमंडपात पाण्यावर घटिकापात्र तरंगत ठेवीत आणि ते बुडाले की घटका भरली असे समजत. शेजारच्या गावची घटका आपल्या घटकेशी जुळते की नाही, याची चौकशी करण्याचे कोणास कारण नव्हते. ते कारण निर्माण केले आगगाडीने आणि तारायंत्राने.

मद्रासची घटका मुंबईत

आगगाडी एका दिवसात अनेक गावांचे सूर्य ओलांडून जाते. प्रत्येक स्टेशनावर स्थानिक वेळ लावावयाची तर वेळापत्रक छापणेच अशक्य. म्हणून 1870 पासून हिंदुस्थानातील रेल्वेने मद्रासच्या वेधशाळेची वेळ स्वीकारली. ही वेळ ग्रीनिचच्या पुढे सुमारे 5 तास 21 मिनिटे होती. मुंबईची स्थानिक वेळ 4 तास 51 मिनिटे आणि कलकत्त्याची 5 तास 53 मिनिटे. तेव्हा मद्रास ही या दोहोंची जवळजवळ मध्यबिंदू ठरत होती. सोय खरी, पण त्यामुळे मुंबईच्या स्टेशनातील घड्याळ शहरातील घड्याळाच्या अर्धा तास पुढे धावू लागले.

1881 साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी (पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज ज्यांच्या नावाने पुढे निघाले तेच हे) सरकारी कचेऱ्यांतही मद्रासची वेळ चालू केली. मुंबईकरांनी तिला कडाडून विरोध केला आणि 1883 साली सरकारास ती मागे घ्यावी लागली. आपल्या डोक्यावरचा सूर्य सोडून दुसऱ्या शहराच्या सूर्याप्रमाणे का वागावे, हा लोकांचा प्रश्न साधा होता, आणि त्याचे समाधानकारक उत्तर सरकारजवळ नव्हते.

दरम्यान 1884 च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टन येथे 25 राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि ग्रीनिच ही सर्व जगाची मूळ मध्यरेषा ठरली. तेथून दर पंधरा अंशांस एक तास असे हे नवे देशांतर. आता हिंदुस्थानासमोर प्रश्न उभा राहिला तो असा : पूर्ण तासच पाहिजे असेल तर रेषा कोणती घ्यावी? 75 अंशांची, म्हणजे पाच तासांची रेषा घेतली, तर ती उज्जयिनीच्या अगदी जवळून जाते. पण कलकत्त्याचा सूर्य घड्याळाच्या जवळजवळ एक तास पुढे पडतो. 90 अंशांची, म्हणजे सहा तासांची घेतली, तर मुंबई, काठेवाड व सिंध ही मागे राहतात. दोन्ही रेषा घ्याव्या, तर एका देशात दोन वेळा होतात आणि रेल्वे व तारखाते यांची मूळची अडचण कायमच राहते. या दोहोंमधील सुवर्णमध्य म्हणजे मिर्झापूरजवळून जाणारी साडेब्याऐंशी अंशांची रेषा. तीवरून ग्रीनिचचे अंतर बरोबर साडेपाच तास येते. 1 जानेवारी 1906 पासून हीच वेळ हिंदुस्थानची प्रमाणवेळ झाली. ब्रह्मदेशास याच न्यायाने साडेसहा तास मिळाले.

तेव्हा हा अर्धा तास म्हणजे विक्षिप्तपणा नव्हे. देशाचे दोन तुकडे न पाडता पूर्व आणि पश्चिम यांची गैरसोय सारखी वाटून देण्याची ती किंमत आहे. घटिकांच्या भाषेत सांगावयाचे तर ग्रीनिचपासून आपले देशांतर 13 घटिका 45 पळे. आणि ज्याने आपणांस इतके सतावले तो अर्धा तास म्हणजे केवळ सव्वा घटिका!

मात्र 1906 सालच्या लोकांना हा विचार पटला नाही. वंगभंगाला जेमतेम अडीच महिने लोटले होते. सरकारच्या प्रत्येक नव्या हुकुमाकडे लोक संशयाने पाहत होते. मुंबईत घड्याळ 39 मिनिटे पुढे गेले, म्हणजे गिरणी-कामगारास तितके अधिक अंधारात घर सोडणे आले. त्याच जानेवारीत जेकब ससून मिलच्या हजारो कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध निदर्शने केली. महानगरपालिकेने आपल्या घड्याळांत मुंबईचीच वेळ ठेवली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या शहरात दोन वेळा सुखाने नांदल्या. कलकत्त्यानेही आपली वेळ 1948 पर्यंत सोडली नाही. भेटीची वेळ ठरविताना ‘मुंबई टाइम की स्टँडर्ड टाइम?’ असे विचारणारी पिढी आपल्या आजोबांची होती. महायुद्धात 1942 पासून 1945 पर्यंत घड्याळे आणखी एक तास पुढे नेण्यात आली, तो प्रकार निराळाच.

खडकी, दौंड आणि लंडन

एका देशातील वेळ ठरली, तरी समुद्रापलीकडच्या माणसाशी बोलण्याचा प्रश्न पुढचाच होता. 1870 साली मुंबई समुद्री तारेने एडन व सुवेझमार्गे इंग्लंडला जोडली गेली. परंतु तारेला वेळेची फारशी तमा नसते. तार रात्री पोहोचली तर सकाळी वाचता येते. संभाषणाचे तसे नाही. त्यास दोन्ही टोकांस जागी माणसे लागतात.

ही सोय महाराष्ट्राच्या भूमीवरूनच प्रथम झाली, याचे स्मरण ठेवण्यासारखे आहे. 1927 साली विलायतेशी बिनतारी संदेशवहन सुरू झाले. त्याचे प्रक्षेपण-केंद्र पुण्याजवळ खडकी येथे आणि ग्रहण-केंद्र दौंड येथे होते. 1933 साली त्याच मार्गाने मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये रेडिओ-टेलिफोन चालू झाला. या लघुलहरी आकाशाच्या वरच्या विद्युन्मय थरांवरून परावर्तित होऊन जातात, आणि त्या थरांची स्थिती सूर्याप्रमाणे बदलते. दिवसाची लहर रात्री चालत नाही, रात्रीची दिवसा चालत नाही. म्हणजे बोलावयाची वेळ ठरविताना घड्याळाची संमती पाहिजे, झोपेची पाहिजे, आणि शिवाय सूर्याचीही पाहिजे! लोक आगाऊ नोंदणी करीत आणि यंत्रचालकाच्या घंटेची वाट पाहत बसत. 1971 साली पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे उपग्रह-केंद्र उभे राहिले आणि सूर्याची ती अट सुटली. 1976 साली मुंबईहून लंडनला थेट क्रमांक फिरविण्याची सोय झाली आणि यंत्रचालकाचीही गरज सरली. राहिला तो फक्त साडेपाच तासांचा हिशेब.

अर्ध्या तासाचे गणित

या हिशेबाचा एक नियम ध्यानात ठेवला म्हणजे पुष्कळसा घोटाळा टळतो. पूर्ण तासाच्या देशाशी आपले अंतर नेहमी अर्ध्या तासासह येते; पण ज्या देशाच्या वेळेतही अर्धा तास आहे, त्याच्याशी ते पूर्ण येते, कारण दोन अर्धे एकमेकांस फेडतात. म्हणून अफगाणिस्तान (साडेचार) आपल्याहून बरोबर एक तास मागे, इराण (साडेतीन) दोन तास मागे, म्यानमार (साडेसहा) एक तास पुढे. कॅनडाच्या पूर्व टोकावरील न्यूफाउंडलंड ग्रीनिचच्या साडेतीन तास मागे असल्याने हिवाळ्यात आपल्याहून बरोबर नऊ तास मागे असते. त्याच कॅनडातील टोरांटो मात्र साडेदहा. नेपाळने 1986 पासून पावणेसहा तास धरले आहेत, म्हणून काठमांडूचे घड्याळ आपल्या केवळ पाव तास पुढे असते. श्रीलंकेने 1996 साली विजेच्या टंचाईमुळे आपली साडेपाचाची वेळ सोडली आणि 2006 साली ती पुन्हा धरली. पाकिस्तानने 1951 साली अर्धा तास टाकून पश्चिमेस पाच व पूर्वेस सहा तास घेतले.

इंग्लंड उन्हाळ्यात आपली घड्याळे एक तास पुढे करते. तेव्हा साडेपाचाचे साडेचार होतात. 1968 ते 1971 या काळात तर त्यांनी ती हिवाळ्यातही मागे घेतली नव्हती. एक गमतीची युक्ती जुन्या लोकांना ठाऊक आहे : मनगटावरील काट्यांचे घड्याळ उलटे धरले की ग्रीनिचची वेळ दिसते. आपल्याकडे दुपारचे दोन वाजले असता उलट्या घड्याळात साडेआठ दिसतात, आणि ते बरोबर आहे. तासकाटा थोडा मागे दिसतो इतकेच. पूर्ण तासांच्या देशांना ही मौज नाही.

देवळातील प्रश्न

परंतु आपल्या वाचकांपुढे याहून नाजूक प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर केवळ वजाबाकीने मिळत नाही. गोमंतकातील कुलदेवतेचा उत्सव, अभिषेक किंवा श्राद्धतिथी यांविषयी परदेशातील आप्त विचारतात : पंचांगातील वेळेतून साडेपाच तास वजा केले की झाले ना? येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. तिथी ही चंद्र-सूर्यांमधील बारा अंशांच्या अंतराची असते. ती सर्व पृथ्वीवर एकाच क्षणी संपते. तेथे वजाबाकी बिनचूक आहे. पण सूर्योदय प्रत्येक गावाचा आपापला असतो, आणि कोणत्या दिवशी कोणती तिथी पाळावी हे बहुधा सूर्योदयावरून ठरते.

एक उदाहरण घेऊ. हिवाळ्यात एखादी तिथी मंगळवारी सकाळी आठ वाजता लागून बुधवारी सकाळी आठ वाजता संपली. पणजीस सूर्योदय सातच्या सुमारास. म्हणून तेथे ती बुधवारची तिथी. लंडनला ती मंगळवारी पहाटे अडीचला लागून बुधवारी पहाटे अडीचला संपते. तेथील सूर्योदय आठच्या सुमारास, म्हणून तेथे ती मंगळवारची! सूर्योदयव्यापिनी तिथी धरावयाची असेल, तर पंचांग एकच असून वार दोन होतात, आणि दोन्ही बरोबर. जो केवळ घड्याळ वजा करील तो वार चुकेल. जो आपल्या गावचा सूर्य पाहील तो चुकणार नाही.

आणि हा प्रश्न परदेशापुरताच आहे असेही नाही. मध्यम मानाने मिर्झापूरच्या रेषेपेक्षा वडोदऱ्याचा मध्यान्ह 37 मिनिटांनी मागाहून होतो, पणजीचा 35, बेळगावचा 32, इंदूर-उज्जैनचा 27, ग्वाल्हेरचा 17 आणि हैदराबादचा 16 मिनिटांनी. घड्याळाने बारा ठोके दिले तरी रामनवमीचा खरा मध्यान्ह पणजीत व्हावयास अर्ध्या तासाहून अधिक अवधी असतो. 1881 च्या मुंबईकरांनी विचारलेला प्रश्न अशा रीतीने देवळाच्या सभामंडपात अजून जिवंत आहे.

1952 साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांगसुधारणा समितीने यावर एक सुंदर तोडगा काढला. 1955 च्या तिच्या अहवालात सर्व देशाच्या पंचांगगणितासाठी एक मध्यवर्ती स्थान कल्पिले आहे : त्याचे रेखांश साडेब्याऐंशी, म्हणजे प्रमाणवेळेचे, आणि अक्षांश 23 अंश 11 कला, म्हणजे उज्जयिनीचे. नव्या व्यवहाराची रेषा आणि जुन्या परंपरेचे नगर, या दोहोंचा तो संगम होय.

तात्पर्य, व्यवहारास प्रमाणवेळ आणि धर्मकृत्यास स्थानिक सूर्य, अशी दोन मापे आपण पूर्वीपासून वापरीत आलो आहोत. देशांतर हा शब्दच त्यांना जोडण्यासाठी निर्माण झाला. आप्तेष्टांना हाक मारताना साडेपाच तास वजा करावे, आणि त्यांना तिथी सांगताना त्यांच्या गावचा सूर्योदय विचारावा. हा दुसरा प्रश्न विचारण्याची सवय घरोघर लागली, तर दूरदेशी असलेल्या पुढच्या पिढीस आपले सण परक्या घड्याळाचे न वाटता स्वतःच्या अंगणातले वाटतील.