मेकॅनोचे खेळणे आणि मद्रासचे ग्रंथपाल

१९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथपालाच्या खुर्चीवर जे गृहस्थ येऊन बसले, त्यांचा जीव तिथे मुळीच रमेना. शियाळी रामामृत रंगनाथन हे प्रेसिडेन्सी कॉलेजातले गणिताचे अध्यापक. तिथला पगार तुटपुंजा, म्हणून इकडे अर्ज केलेला. ग्रंथालयशास्त्राचे ज्ञान म्हणाल, तर मुलाखतीपूर्वी ज्ञानकोशातला एक लेख वाचलेला, एवढेच! वर्गाच्या गजबजाटाची सवय झालेल्या माणसाला ती शांतता खायला उठली. थोड्याच दिवसांत त्यांनी आपला वर्ग परत मिळावा म्हणून धोशा लावला. आम्हां मास्तरमंडळींना हे दुःख चटकन कळते. शेवटी तडजोड झाली: आधी लंडनला जाऊन तिकडची ग्रंथालये पाहावीत, परतल्यावरही मन लागले नाही, तर गणित आहेच.

लंडनला बर्विक सेयर्स यांच्याकडे शिकताना रंगनाथनना ड्यूईची दशांश पद्धत खटकू लागली. १८७६ साली निघालेली ही पद्धत म्हणजे आधीच कप्पे पाडून ठेवलेले कपाट. नवा विषय निघाला, की कोणत्या तरी कप्प्यात तो कोंबायचा. यावरची तोड त्यांना सापडली सेल्फ्रिजेसच्या दुकानात. तिथला विक्रेता मेकॅनोचे खेळणे दाखवीत होता. पट्ट्या त्याच, नटबोल्ट तेच. पण दर खेपेला वस्तू निराळी! मग विषयही असेच का जोडू नयेत? फुफ्फुसे, क्षयरोग, उपचार, भारत हे सुटे भाग. प्रत्येकाला आपापला अंक. आणि त्यांना जोडायला नटबोल्टाच्या जागी कोलन, म्हणजे एकाखाली एक दोन टिंबे.

१९२५ साली ते परतले. गणिताचा वर्ग राहिला तो राहिलाच. मद्रासच्या पुस्तकांवर ही पद्धत घासूनपुसून १९३३ साली त्यांनी ती 'कोलन वर्गीकरण' म्हणून छापली.

मला मात्र याहून मोठी वाटते ती त्यांनी वाचकांना कपाटांपर्यंत मोकळी वाट करून दिली ती गोष्ट. कुलपातल्या पुस्तकांचा क्रम कसाही चालतो. माझ्या माहितीतल्या एका शाळेत कपाट वर्षातून दोनदाच उघडते, सरस्वतीपूजनाला आणि तपासणीला. तिथे कोलन काय अन् दशांश काय! वाचक स्वतः हात घालू लागला, की मग एका पुस्तकाशेजारी कोणते असावे, हा प्रश्न खरा होतो.

१९२८ साली या साऱ्या कामाच्या मुळाशी कोणते तत्त्व आहे, याचा रंगनाथन शोध घेत होते. सूत्र हाती लागेना. त्यांचे गणितातले गुरू प्राध्यापक रॉस भेटायला आले आणि जाता जाता सांगून गेले, की पहिले सूत्र सरळ आहे, पुस्तके वापरण्यासाठी असतात. उरलेली चार रंगनाथननी त्यावरूनच बांधली आणि १९३१ साली पाचही सूत्रांचे पुस्तक प्रसिद्ध केले.