चुलीवरचीं पाकांतलीं रताळीं

पाकांतल्या रताळ्यांचें नांव निघालें, कीं मराठी गृहिणीला एकादशी आठवते, तर अमेरिकन गृहिणीला नोव्हेंबरांतील आभारदिन. पदार्थ जवळजवळ एकच. तेथें तो बंद भट्टींत भाजतात. येथें चुलीवर मुरवितात. तेथें त्याला ‘याम’ म्हणतात, आणि हें नांवच मुळीं उसनें आहे. खरा याम हा आफ्रिका व आशिया खंडांतील वेलीचा कंद. अमेरिकेंत नेलेल्या आफ्रिकी गुलामांनीं तेथील मऊ रताळ्याला आपल्या मायदेशींच्या कंदाचें नांव दिलें, असें मानतात. पुढें 1930 नंतर लुइझियानांतील बागाइतदारांनीं आपलीं नारिंगी रताळीं याच नांवानें बाजारांत आणलीं.

रताळें आपल्याकडेहि परकेंच. तें मूळचें अमेरिका खंडांतलें, आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून इकडे आलें. म्हणजे उपवासाच्या ताटांत त्याला मान मिळून फार तर पांच शतकें झालीं.

घरचा, पुरातन याम पाहावयाचा, तर चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोंकाला जिवतीच्या डोंगरांत जावें. राजुऱ्याकडील हा मुलूख पूर्वीं निजामाच्या राज्यांत, आदिलाबाद जिल्ह्यांत होता. 1956 सालीं तो नांदेडला आणि 1959 सालीं चांदा जिल्ह्याला जोडला गेला. येथील मूळ वस्ती कोलाम व गोंड लोकांची. जमीन खणून रानकंद काढणें ही अशा रानवासी लोकांची पिढीजात विद्या. कडू कंदाचे काप करून ते उकळावे लागतात, वाहत्या पाण्यांत ठेवावे लागतात. पायरी चुकली, तर विषबाधा ठरलेली. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतील कितीतरी रानवासी कुटुंबांना कंदमुळांनींच तारलें.

रताळ्याची रीत त्या मानानें सोपी; मात्र तिलाहि शास्त्र आहे. रताळ्यांतील एक द्रव्य सुमारें 60 ते 75 अंश उष्णतेंत पिष्टाची साखर करतें. आंच एकदम वाढविली, कीं तें द्रव्यच नष्ट होतें. म्हणून अर्धा किलो रताळ्यांच्या बोटभर जाड चकत्या दोन चमचे तुपावर, जाड बुडाच्या पातेल्यांत मंद आंचेवर ठेवाव्या आणि वर पाण्याचें ताट झांकावें. चकत्या मऊ झाल्यावरच 100 ग्रॅम गूळ, वेलदोडा व चिमूटभर मीठ घालावें. गूळ आधीं पडला, तर त्या दडस राहतात. मग झांकण काढून पाक आटवावा. भट्टीची उणीव मुळींच भासत नाहीं.

पण ज्यांनीं खऱ्या यामची विद्या जपली, त्यांना त्याच रानांत पाऊल टाकण्यास परवाना लागूं लागला. 1927 च्या वनकायद्यानें राखीव जंगलांतील वनोपज परवानगीवांचून काढणें गुन्हा ठरविलें. 2006 च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजांत कंदमुळांचा स्पष्ट उल्लेख करून तीं गोळा करण्याचा हक्क रानवासीयांना दिला. तथापि, कायद्यानें हक्क परत येतो. विस्मृतींत गेलेली विद्या परत येत नाहीं. कोणता कंद गोड, कोणता कडू, कोणता किती वेळ पाण्यांत ठेवावयाचा, हें वृद्धांच्या हातीं आहे तोंवरच तरुणांनीं शिकून घेतलें पाहिजे. परक्या रताळ्याला देवघरापर्यंत नेणाऱ्या समाजानें घरच्या कंदाला निदान स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर तरी जागा द्यावी.