चिकन-कॉर्नब्रेड ड्रेसिंग

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत नाताळ आणि थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) जेवणात या पदार्थाला मानाचे स्थान आहे. पक्ष्याच्या पोटात भरून भाजतात ते 'स्टफिंग'. वेगळ्या भांड्यात भाजतात ते 'ड्रेसिंग'. मका तेथील मूळ रहिवाशांचा. त्या पाककलेला आकार देण्यात गुलामगिरीत राबलेल्या आफ्रिकी वंशाच्या स्वयंपाकिणींचा वाटा मोठा.

साहित्य : मक्याचे रवाळ पीठ २ कप, मैदा अर्धा कप, बेकिंग पावडर २ चमचे, सोडा अर्धा चमचा, दाट ताक २ कप, अंडी ४, लोणी, कांदा १, सेलेरीचे ३ दांडे, तुळशीच्या कुळातील सेजची वाळलेली पाने २ चमचे, शिजवलेले बिनहाडाचे चिकन ३ कप, चिकनचे अळणी पाणी ३ ते ४ कप, मीठ, मिरपूड.

कृती : पीठ, मैदा, बेकिंग पावडर, सोडा, मीठ, ताक व २ अंडी कालवून बिडाच्या तापलेल्या, लोणी लावलेल्या भांड्यात २२० अंशांवर २०-२५ मिनिटे भाजावे. साखर घालू नये. ड्रेसिंग गोडसर होते. हा ब्रेड रात्रभर उघडा ठेवून कुस्करावा. लोण्यात परतलेला कांदा-सेलेरी, सेज, मिरपूड, चिकन, उरलेली अंडी व अळणी पाणी मिसळून १८० अंशांवर पाऊण तास भाजावे.

मिश्रण इडलीच्या पिठाहूनही सैल हवे. बेत फसतो तो येथेच. पाण्यात हात आखडला की ड्रेसिंग कोरडे पडते. मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस तापमान आल्याखेरीज भांडे बाहेर काढू नये.