ईस्टरची अंडी : वनस्पतिरंगांनी रंगविण्याची पद्धत
येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या सणासाठी उकडलेली अंडी घरच्या घरी वनस्पतींच्या रंगाने रंगविण्याची पूर्व यूरोपीय प्रथा. सणाआधीच्या लेंट या उपवासकाळात पूर्वी अंडी वर्ज्य असत. ती साठत, आणि सणाला रंगवून वाटली जात. ऑर्थोडॉक्स परंपरेत लाल रंग ख्रिस्ताच्या रक्ताचे प्रतीक असून ग्रीसमध्ये ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी अंडी लाल करतात.

सर्वांत भरवशाचा रंग कांद्याच्या सुक्या सालींचा. त्यांतील क्वेर्सेटिन व इतर रंगद्रव्यांमुळे पांढरे कवच नारिंगी ते गडद तांबूस-तपकिरी होते. साली पाण्यात उकळून त्यातच अंडी शिजवितात. सर्बिया, लॅटव्हिया आदी देशांत अंड्यावर कोवळे पान ठेवून ते जुन्या पायमोज्यात घट्ट बांधतात. पानाखालचा भाग फिका राहून नक्षी उमटते. पान सैल राहिले, की नक्षी बिघडलीच.

हळदीने पिवळा रंग येतो. बीटचा गुलाबी मात्र फसवा. तो लवकर फिकटतो. जांभळ्या कोबीचा प्रकार गमतीचा आहे : पाणी जांभळे, पण अंडे निळे. कवचातील कॅल्शियम कार्बोनेट अल्कधर्मी असल्याने कोबीतील अँथोसायनिन रंग बदलते. त्यासाठी उकडलेली अंडी गार अर्कात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावीत. अर्कात थोडे व्हिनेगर घातल्यास रंग चांगला बसतो; जास्त झाल्यास कवचच विरघळू लागते. सुकल्यावर तेलाचा हात फिरविला, की चमक येते.