मोटेची कुरकुर ते इन्व्हर्टरची गुणगुण

एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या कळंबा तलावाचं पाणी कोल्हापुरात आलं ते उताराने. ना इंजिन, ना पंप.

आवाज होता तो शिवारात. मोटेचं चाक कुरकुरायचं, सोंडेतून थारोळ्यात पाणी धबकन पडायचं. मग ऑईल इंजिनाची पुकपुक आली. तक्रार कोण करणार? पुकपुक थांबली की उसाची काळजी!

2017 मध्ये राज्यात शेतीपंपांना सौर वीज पुरवणारी सौर कृषी वाहिनी योजना आली. सौर पाट्या मुक्याच; भर दुपारी घोंघावतात ते इन्व्हर्टरचे पंखे. 50 हर्ट्झच्या विजेवर ट्रान्सफॉर्मर 100 हर्ट्झने गुणगुणतो. निवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा 45 डेसिबल. दिवस मावळला की पंखे निजतात, वाहिनीला जोडलेला ट्रान्सफॉर्मर मात्र जागाच.